चष्म्याच्या दुकानातून कॅमेऱ्याचं भिंग

"प्लस पाच. गोल, न कापलेलं. एकच द्या."

"एकच? दुसऱ्या डोळ्याचा नंबर काय?"

"दुसरा डोळा नाही मालक. खोक्याला बसवायचंय."

सोलापूरच्या नवी पेठेतल्या चष्मेवाल्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि मग आतल्या खणातून धूळ खात पडलेली भिंगांची पाकिटं काढली. घरी पुठ्ठ्याचा कॅमेरा करायचा असेल तर सुरुवात अशाच दुकानातून करा. हातात धरायचं वाचनाचं भिंग सहज मिळतं, पण ते दोन्हीकडून फुगीर असतं आणि चित्राच्या कडा फार पुसट देतं. चष्म्याचं भिंग एका बाजूने फुगीर, दुसरीकडून खोलगट. आपल्याला तेच हवं. १८१२ साली वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने असंच भिंग चित्र काढायच्या अंधाऱ्या खोक्यासाठी सुचवलं होतं, आणि १९०० साली आलेल्या कोडॅकच्या ब्राउनी डबा कॅमेऱ्यातही एकच साधं भिंग होतं.

नंबर काढायचं गणित सोपं आहे. शंभराला नंबराने भागा, चित्र किती सेंटिमीटरवर पडेल ते कळतं. प्लस चारला २५, प्लस पाचला २०, प्लस आठला साडेबारा. कागदाचा कर्ण जेवढा, साधारण तेवढंच हे अंतर ठेवावं. पोस्टकार्डाएवढ्या, म्हणजे १० बाय १५ सेंटिमीटरच्या कागदाचा कर्ण १८ भरतो, म्हणून प्लस पाच. दुकानात स्पष्ट सांगा: सिलिंडर (एकाच दिशेने जास्त वळलेलं भिंग) नको, बायफोकल नको. मायनस नंबरचं भिंग तर फुकट मिळालं तरी घेऊ नका, त्याने कागदावर चित्रच पडत नाही. काच असो की फायबर, दोन्ही चालतं. फायबरवर ओरखडे लवकर येतात एवढंच.

घरी आल्यावर पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा, समोर पांढरा कागद धरा, मध्ये भिंग मागेपुढे करा. लांबची वस्तू कागदावर उलटी, स्पष्ट दिसली की पट्टीने अंतर मोजा. मी पूर्वी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी धरायचो. २०२३ मध्ये ती पाडली, तेव्हापासून शेजारच्या गल्लीतली पाण्याची टाकी धरतो. सूर्यावर मोजायच्या भानगडीत पडू नका, आणि भिंगातून सूर्याकडे तर कधीच बघू नका.

आता नळी. नळाच्या सामानाच्या दुकानातून पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा घ्या आणि तो घेऊनच पुन्हा चष्मेवाल्याकडे जा. "याच्या आत बसेल असं गोल कापून द्या" म्हटलं की मशीनवर काम होतं. घरी कानशीने घासून मी एक भिंग कडेला फोडलंय. भिंगाच्या पुढे-मागे पुठ्ठ्याच्या कड्या बसवा. चष्म्यात जी खोलगट बाजू डोळ्याकडे असते ती इथे बाहेर, दृश्याकडे ठेवायची. बहुतेकजण उलटं बसवतात आणि मग भिंगाला नावं ठेवतात.

खरं काम मात्र भिंगाचं नाही, भोकाचं आहे. पूर्ण उघड्या भिंगातून चित्र दुधाळ येतं, कारण कडेचे किरण मधल्या किरणांशी जुळत नाहीत. ते किरण अडवायला हार्डवेअरवाल्याकडून वायसर घ्या. १२ मिलिमीटरच्या बोल्टच्या वायसरचं भोक १३ मिलिमीटर असतं. भिंगापासून चित्राचं अंतर २०० मिलिमीटर, त्याला भोकाच्या १३ ने भागा, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत जवळपास एफ १६. हा वायसर काळ्या कार्डावर चिकटवून भिंगाला न टेकवता दोन-तीन सेंटिमीटर पुढे बसवा. खोक्याच्या मागे, फोटोच्या कागदाच्या जागी ट्रेसिंग पेपर लावा आणि त्यावर चित्राचे कोपरे बघत वायसर थोडा पुढे-मागे सरकवा. एका जागी कोपरे अचानक सावरतात. माझ्या नळीत ती जागा अडीच सेंटिमीटरवर सापडली, आणि भुईकोट किल्ल्याच्या तटाचे दगड काठापर्यंत सुटे दिसले. नळी आतून काळ्या मॅट रंगाने रंगवा. नाहीतर पीव्हीसीच्या चकाकीने सगळी मेहनत वाया.

नळी सरकती हवी. लांबच्या वस्तूला २० सेंटिमीटर पुरतात, पण दोन मीटरवर बसलेल्या माणसाला साधारण २२ आणि एक मीटरवरच्या वस्तूला २५ लागतात.

मागे कृष्णधवल फोटोपेपर लावणार असाल तर आणखी एक खोच आहे. एकेरी भिंग निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा जवळ गोळा करतं. डोळा पिवळ्या-हिरव्यावर फोकस करतो, कागदाला मात्र मुख्यतः निळंच दिसतं. म्हणून डोळ्याने चोख लावलेला फोटो धुतल्यावर पुसट. फोकस करताना भिंगापुढे निळा जिलेटिन कागद धरा, चित्र भिंगाच्या थोडं जवळ सरकलेलं दिसेल. तीच जागा खरी. तुटक्या दुर्बिणीचं पुढचं भिंग भंगारात सापडलं तर हा त्रास बराच कमी होतो, कारण ते दोन काचा जोडून केलेलं असतं. त्या काचा सुट्या करू नका. झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे जुन्या मशीनचं भिंग मिळालं तर तेही उत्तम, विशेषतः जवळच्या वस्तूंसाठी. काचा घासून स्वतः भिंग घडवणारे हौशी लोक आहेत, पण पहिल्या कॅमेऱ्याला ते करू नये.

शटरची गरज नाही. फोटोपेपर मंद असतो, पण आपलं ऊन त्याला पुरून उरतं. १३ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाचा सहावा भागही पुष्कळ होतो आणि तेवढ्या वेळात हाताने झाकण काढून परत लावता येत नाही. म्हणून फोटो घेताना ५ मिलिमीटरच्या बोल्टचा वायसर बसवा. मग भर उन्हात साधारण एक सेकंद लागतो: नळीच्या तोंडावर बसवलेलं डब्याचं झाकण काढा, "एक" म्हणा, लावा. सावलीत बरंच जास्त मोजावं लागेल.

काम झालं की झाकण आठवणीने लावा. माझं पहिलं भिंग एप्रिलच्या दुपारी खिडकीत राहिलं, खाली घडी घातलेली चादर होती. वास आला म्हणून आई धावली, तोवर दोन घड्या आरपार करपल्या होत्या. सोलापुरी चादर जाड, उजेड चांगला अडवते, म्हणून आता फोकस करताना मी तीच डोक्यावर घेतो. भोकांना आईने आतून काळं ठिगळ लावून दिलंय.