शिरेतून अँटिबायोटिक: व्हायल विरघळवण्यापासून फ्लशपर्यंत

पावसाळ्यात गोव्यातल्या मेडिसिन वॉर्डात तापाचे पेशंट वाढतात. शेतात, साचलेल्या पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) संशयावरून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक लिहिले जाते. इंजेक्शन रोजचेच असते, त्यामुळे चूक औषधात क्वचित होते. ती होते विरघळवण्यात आणि वेगात.

ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी) सांगितले असेल तर आधी रक्त, मग औषध. पण कल्चरला शीर मिळत नाही म्हणून सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) पेशंटचा पहिला डोस तासापलीकडे ढकलू नका. ‘ॲलर्जी आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा कुठल्या गोळी-इंजेक्शनने अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, दम लागला का, असे विचारा. पेशंट कोकणीत बोलत असेल तर कोकणीतच. टेस्ट डोसला काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ॲड्रेनलिन ट्रेमध्येच हवे: ॲनाफायलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) झाल्यास मोठ्या माणसाला १:१००० चे ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत.

व्हायलचे (औषधाच्या छोट्या बाटलीचे) रबर स्पिरिटने पुसून सुकू द्या. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅमला स्टेराईल वॉटर १० मिली, आणि शिरेतून २ ते ४ मिनिटांत सावकाश. पाकिटात लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) आले असेल तर ते फक्त स्नायूतल्या इंजेक्शनसाठी. शिरेत कधीच नाही. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅमला २० मिली घाला आणि व्हायल गोल फिरवत राहा. जोरात हलवली की फेस होतो आणि सिरिंजमध्ये पूर्ण डोस ओढता येत नाही. लहान मुलांच्या डोसात पावडरने व्यापलेली जागाही धरावी लागते: सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅमला ९.६ मिली घातले तर १ मिलीत १०० मिग्रॅ येते.

आरएल (रिंगर लॅक्टेट, कॅल्शियम असलेले सलाईन) चालू असेल तर सेफ्ट्रियाक्सोन त्यात सोडू नका. कॅल्शियमबरोबर त्याचा साका होतो. मोठ्या माणसाचे आरएल थांबवा, लाईन एनएसने (नॉर्मल सलाईन, मिठाचे पाणी) फ्लश करा, म्हणजे धुऊन काढा, मग द्या. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रियाक्सोन देऊच नका, डॉक्टरांना कळवा. अमिकासिन (आणखी एक अँटिबायोटिक) आणि पिपरासिलिन एकाच बाटलीत मिसळायचे नाही.

आता थेंब. १ मिलीला किती थेंब हे सेटच्या पाकिटावर छापलेले असते. साध्या सेटला बहुधा २०, मायक्रोला ६०. साध्या सेटने १०० मिली ३० मिनिटांत द्यायचे तर १०० × २० ÷ ३०, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ थेंब. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला घाई चालत नाही. १ ग्रॅम २०० मिली एनएसमध्ये, मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा जास्त नाही: १०० मिनिटे, साध्या सेटने मिनिटाला ४० थेंब. वेग वाढला की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, बीपी उतरते. थांबवा, बीपी घ्या, डॉक्टरांना सांगा. पुन्हा सुरू करायचे ठरले तर आणखी सावकाश. ‘लवकर संपू दे’ म्हणून रोलर (थेंबांचा वेग ठरवणारे चाक) सोडणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

जोडण्याआधी कॅन्युलाचे (शिरेत बसवलेल्या नळीचे) तोंड १५ सेकंद घासून पुसा आणि ५ मिली एनएस सोडून पाहा. दुखले, फुगले किंवा जोर लावावा लागला तर ती शीर सोडा. बाटली रिकामी झाली तरी नळीत १५-२० मिली औषध उरते. तेही एनएसने आत ढकला, नाहीतर १०० मिलीच्या बाटलीतला बराच डोस कचऱ्यात जातो.

लेप्टोच्या पेशंटला पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप चढू शकतो. मेलेल्या जंतूंमुळे असे होते, ती ॲलर्जी नव्हे. तरी पित्त, घरघर, बीपी पाहिल्याशिवाय तसे ठरवू नका.

सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज आणि सेट लाल पिशवीत, काचेची व्हायल निळ्यात. चार्टवर औषध सुरू केल्याची आणि संपल्याची, दोन्ही वेळा लिहा.