कुत्रा-मांजर असताना भाड्याचं घर कसं शोधायचं? जळगाव-धुळ्याकडच्यांसाठी

आपल्याकडे घरमालक फोनवर ठरलेलेच प्रश्न विचारतो, फॅमिली आहे का, व्हेज का नॉनव्हेज, नोकरी कुठे. कुत्र्या-मांजराचं विचारतच नाही कारण त्याच्या डोक्यातच नसतं, आणि मग बरेच जण काही न सांगता सरळ राहायला जातात. असं करू नका भो. आठ दिवसांत कळतंच, भांडण होतं, घर सोडावं लागतं आणि सगळ्यात जास्त हाल त्या मुक्या जिवाचे होतात. कोणी शेताकडे नेऊन सोडतं, कोणी एमआयडीसीत. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि घरात पोळी-दूध खाऊन वाढलेला कुत्रा मोकाट टोळीत टिकत नाही हो.

म्हणून पहिलं म्हणजे वेळ हाताशी ठेवा. आखाजी झाली की शाळांना सुट्ट्या, मग मे-जूनमध्ये बदल्या, तेव्हा खोल्या रिकाम्या होतात. तेव्हापासूनच एजंट, ओळखीचे, किराणा दुकानदार, सगळ्यांना सांगून ठेवा, आणि सांगताना पहिल्याच वाक्यात सांगा की घरात कुत्रा आहे. दहा जण नाही म्हणतील, म्हणू द्या, तुमचा वेळ वाचला.

घर कसलं बघायचं? जमलं तर बैठं घर किंवा रो हाऊस, पुढे ओटा, मागे थोडी जागा. जळगावात पिंप्राळ्याकडे, धुळ्यात देवपूर-वलवाडीकडे अशी घरं मिळतात. आणि घर दुपारी तीनला बघायला जा, सकाळी नाही. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, पत्र्याची खोली नाहीतर वरच्या मजल्यावरची स्लॅब अशी तापते की माणूस कूलरसमोर बसून काढतो, पण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. कूलर लावायला खिडकी आहे का, तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर जनावर सावलीत बसेल अशी जागा आहे का ते बघा. पाण्याचंही विचारा. नळाला रोज पाणी नसेल तर टाकी केवढी आहे, कारण ओटा धुवायला पाणी लागणार आणि मालकाची कुरकुर तिथूनच सुरू होते.

आता खरं काम, मालकाशी बोलणं. बऱ्याच ठिकाणी मालक खाली राहतात, भाडेकरू वर. भाडं काका ठरवतात पण हो की नाही हे ओट्यावर गहू निवडत बसलेल्या आजी ठरवतात, हे लक्षात ठेवा. आजी म्हणतील, "बाबा, माझ्या तुळशीपाशी घाण करेल ना तो." मांजर असेल तर विचारतील, "गच्चीवर बिबडे वाळत घातले की तोंड घालेल ना?" यावर "नाही हो, खूप गुणी आहे" एवढं म्हणून भागत नाही. सांगा की सकाळ-संध्याकाळ मी पट्ट्यावर बाहेर नेतो आणि घाण मीच पिशवीत उचलतो, मांजर घरातच असतं, खिडक्यांना जाळी मी माझ्या खर्चाने लावतो. व्हेज घर असेल तर त्यांना भीती असते की कुत्र्यासाठी मटण शिजेल. ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून तुम्हीच विषय काढा आणि जे पाळता येईल तेवढंच कबूल करा.

सोबत फाइल न्या. लसीकरणाचं पुस्तक सगळ्यात महत्त्वाचं, रेबीजची पहिली लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी बूस्टर. नसबंदी झाली असेल तर तो कागद, आणि जुन्या मालकांचा नंबर, त्यांना आधी विचारून. मग म्हणा, काका, एकदा भेटून तर बघा त्याला. दमवून, फिरवून, आंघोळ घालून न्या. शांत बसलेला कुत्रा समोर दिसला की निम्मं काम होतं, माझा तरी यावर पूर्ण विश्वास आहे.

फ्लॅट असेल तर अजून एक. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही अडवता येत नाही. पण फ्लॅटचा मालक स्वतःच नको म्हणाला तर हे परिपत्रक दाखवून घर मिळत नाही, तिथे वाद घालू नका. आणि पिंजऱ्यात हिरवा मिठू असेल तर घराचं सोडा, आपला देशी पोपट पाळणंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, वन विभागाशी बोला.

जमलं की तोंडी ठेवू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, मनपा हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. ११ महिन्यांच्या त्या करारात एवढं घालून घ्या: "भाडेकरूकडे एक पाळीव कुत्रा असून त्यास मालकाची संमती आहे. कुत्र्यामुळे नुकसान झाल्यास खर्च डिपॉझिटमधून वळता करावा." डिपॉझिट थोडं जास्त मागितलं तर द्या, पण राहायला जायच्या दिवशीच दारं, भिंती, फरशीचे फोटो काढून काकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर आधीचे ओरखडे तुमच्या नावावर.

पहिले काही दिवस शक्यतो सुट्टी काढा. नव्या घरात एकटं राहिलं की कुत्रं भुंकतं, रडतं, म्हणून आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास असं सोडून बघा, आणि शेजारच्या वहिनींना तुमचा नंबर देऊन ठेवा, म्हणजे त्रास झाला तर त्या मालकाच्या आधी तुम्हाला फोन करतील.