गुडघेदुखीवर शल्लकी: डबी घेण्याआधी लेबल वाचा

शल्लकी म्हणजे सालईचा डिंक. गुग्गुळाचं झाड वेगळं. दुकानदार दोन्ही एकच म्हणाला तरी ऐकू नका.

नागपुरात झालेली आणि 2003 साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. गुडघ्याच्या संधिवाताचे 30 रुग्ण, 333 मिग्रॅ अर्क दिवसातून तीनदा, 8 आठवडे. दुखणं आणि सूज कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. म्हणजे आराम पडतो, झिजलेली कूर्चा भरून येत नाही. शिवाय 30 रुग्ण म्हणजे पुरावा तसा बेताचाच.

लेबलवर नुसतं ‘शल्लकी 500 मिग्रॅ’ असेल तर डबी परत ठेवा. बोस्वेलिक आम्लांचं (डिंकातल्या गुणकारी घटकांचं) प्रमाण हवं: 333 मिग्रॅ अर्कात 65 टक्के, म्हणजे सुमारे 216 मिग्रॅ. त्यातही ‘एकेबीए’ या एका बोस्वेलिक आम्लाचा आकडा वेगळा दिलेला असेल तर उत्तम, सूज वाढवणारी ल्युकोट्रिन्स तयार करणाऱ्या एन्झाइमला हाच घटक सर्वाधिक रोखतो. शल्लकीच्या सुगंधी तेलात ही जड आम्लं ऊर्ध्वपातनातून (वाफेने तेल काढताना) जवळपास येतच नाहीत, त्यामुळे तेल चोळून हा गुण मिळत नाही.

गोळी जेवणासोबत घ्या, तेही तूप-तेल असलेल्या. उपाशीपोटी ती फारच कमी शोषली जाते, आणि ‘गुण आला नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. पोट बिघडलं, जुलाब झाले तर थांबवा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. 8 आठवड्यांत फरक नाही? बंद करा.