कोलोनोस्कोपीआधी आतडं कसं साफ करावं, आणि बाकीच्या पद्धतींचं काय

कोलोनोस्कोपीची, म्हणजे गुदमार्गातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीची, तारीख ठरली की हातात एक छापील कागद आणि पावडरचं मोठं पाकीट पडतं. लोक घाबरतात ते दुर्बिणीला. ती तपासणी बहुतेक वेळा गुंगीत, अर्ध्या-पाऊण तासात उरकते. खरी मेहनत आदल्या रात्री घरच्या संडासात करावी लागते. आतडं अर्धवट साफ झालं तर भिंतीला चिकटलेला चपटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, मळाखाली लपतो आणि सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो.

तुमच्या डॉक्टरांचा कागद आणि हा लेख यांत फरक आढळला तर कागद खरा मानायचा.

आठवडाभर आधी

चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारी औषधं आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांबाबत स्वतःच्या मनाने काहीही करू नका. उपाशीपोटी नेहमीचा इन्सुलिनचा डोस घेतला तर साखर धोकादायक उतरू शकते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर न विचारताही सांगा. औषध कोणतं द्यायचं ते त्यावरून ठरतं.

दोन-तीन दिवस आधी

एरवी पोटाला चांगलं म्हणून जे खायला सांगतात, नेमकं तेच इथे बंद. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, शेंगदाण्याचं कूट, तीळ, पेरू, अंजीर, वांगं, बियांसकट टोमॅटो, सगळं बाजूला ठेवा. बिया आणि साली आतड्यात रेंगाळतात आणि दुर्बिणीच्या नळीत अडकतात. मऊ भात, सालीविना मुगाच्या डाळीचं वरण, साधं दही, सोललेला उकडलेला बटाटा, अंडं, मैद्याचा पांढरा ब्रेड एवढं चालतं.

आदला दिवस

आता फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, गाळलेली भाताची पेज, बिनदुधाचा चहा. दूध आणि ताक नको. कोकम सरबत आणि सोलकढीचा मोह आपल्याकडे हमखास होतो, पण लाल-जांभळा रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. बिटाचा रसही त्याच कारणाने वर्ज्य. काही ठिकाणी या दिवशी सकाळी हलका नाश्ता चालतो. कागदावर तसं असेल तर उपाशी राहण्यात काही शौर्य नाही.

पहिली फेरी, संध्याकाळी

पाकिटातलं औषध बहुतेक वेळा पॉलीइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, आणि सोबत क्षार असं असतं. पेग रक्तात जवळपास शोषलं जात नाही. ते पाणी धरून ठेवतं आणि आतडं धूत खाली जातं. सोबतच्या क्षारांमुळे शरीरातलं मीठ-पाणी फारसं ढळत नाही. पाकिटावर लिहिलं असेल तितक्याच, बहुधा २ लिटर, पाण्यात ते पूर्ण विरघळवा आणि फ्रिजमध्ये गार करा. गार झालं की चव कमी लागते. त्यात साखर किंवा सरबताची पावडर घालू नका. हवं तर दोन घोटांच्या मध्ये लिंबाची फोड चाटा.

दर १० ते १५ मिनिटांनी एक पेला, सुमारे २५० मिलिलिटर. अर्धं औषध संपवायचं. तासा-दोन तासांत धावपळ सुरू होते, म्हणून त्या संध्याकाळी घराबाहेर पडू नका. मळमळलं तर अर्धा तास थांबून हळूहळू पुन्हा सुरू करा. सतत उलट्या होत असतील किंवा पोट फुगून काहीच बाहेर पडत नसेल तर पुढचा पेला न घेता रुग्णालयाला फोन करा. दहा वेळा जाऊन त्वचा हुळहुळते, ती कागदाने घासू नका. पाण्याने धुऊन, टिपून, व्हॅसलिन लावा, आणि हे पहिल्या खेपेपासून करा.

दुसरी फेरी, पहाटे

उरलेलं अर्धं औषध तपासणीच्या साधारण चार ते सहा तास आधी सुरू करायचं आणि भूलतज्ज्ञांनी सांगितलेल्या वेळेच्या आत, किमान दोन तास आधी, संपवायचं. सकाळी नऊची वेळ असेल तर पहाटे तीन-चारला उठावं लागतं. इथेच लोक कंटाळतात आणि सगळं रात्रीच पिऊन मोकळे होतात. पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि स्राव खाली उतरतात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला थर धरतात. चपटे, सहज निसटणारे पॉलिप याच बाजूला जास्त सापडतात. पहाटेचे पेले त्यासाठी.

काम झालं की नाही हे भांड्यात बघून कळतं. फिक्या पिवळ्या रंगाचं, तळ दिसेल असं पाणी आलं की झालं. गढूळ, तपकिरी किंवा कण असलेलं येत असेल तर तपासणीला जातानाच तसं सांगा. तिथे एनिमा देऊन, म्हणजे गुदमार्गातून पाणी सोडून, थोडी दुरुस्ती करता येते. डॉक्टर सफाईला गुणही देतात: बॉस्टन मापनपट्टीवर आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३, एकूण ९ पैकी.

काही ठिकाणी पेगऐवजी छोट्या बाटलीतलं सोडियम फॉस्फेट देतात. कमी प्यावं लागतं म्हणून ते लोकांना आवडतं, पण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर कडक इशारा छापायला लावला. वयस्क माणसांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते सुचवलं गेल्यास स्पष्ट विचारावं.

बाकीच्या पद्धती

पाणी किंवा औषध वरून घ्यायचं की खालून, एवढाच मुख्य फरक. वरून म्हणजे पूर्वीचं एरंडेल, पेग आणि योगातलं शंखप्रक्षालन. शंखप्रक्षालनात कोमट मिठाचं पाणी पिऊन ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन वगैरे करायचं आणि नंतर तूप घातलेली मऊ खिचडी खायची. शिक्षकाविना हे करू नये. रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना एवढं मीठ झेपत नाही.

खालून म्हणजे एनिमा. डाव्या कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन दिलेला छोटा एनिमा फक्त शेवटचा भाग मोकळा करतो. साबणाच्या पाण्याचा जुना एनिमा आतल्या अस्तराची आग करतो, तो घरी टाळाच. आयुर्वेदातली बस्ती, मग ती काढ्याची निरूह असो की तेलाची अनुवासन, वैद्याच्या देखरेखीतली चिकित्सा आहे. व्हिडिओ बघून करण्याची नाही.

आणि मग कोलन हायड्रोथेरपी. गुदमार्गात नळी बसवून यंत्राने कोमट पाणी आत सोडायचं, बाहेर काढायचं, असं पाऊण-एक तास, कित्येक लिटर. वर्षानुवर्षांचा मळ भिंतीला चिकटून विष सोडतो, ही तिची जाहिरात. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होत राहतं आणि कोलोनोस्कोपीत असा जुना थर दिसत नाही. डिटॉक्स कॅप्सूलनंतर दोरीसारखं जे पडतं, तेही बरेचदा त्यातल्याच इसबगोल आणि बेंटोनाइट मातीचं बनलेलं असतं. विषाची ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोरात होती. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच कापून काढत. १९१९ मध्ये अमेरिकन डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी साधा मुद्दा मांडला: बद्धकोष्ठातली डोकेदुखी शौचाला झाल्यावर लगेच थांबते, रक्तातलं विष इतक्या झटपट कसं जाईल? तो त्रास आतडं ताणल्याचा.

योग्य जागी खालून पाणी देण्याचा उपयोग मोठा आहे. मणक्याच्या दुखापतीत शौचावरचा ताबा गेलेल्यांना डॉक्टर आतड्यात पाणी सोडण्याचं साधन रोज किंवा दिवसाआड वापरायला शिकवतात. हौसेच्या धुलाईशी त्याची गल्लत नको.

हौसेच्या धुलाईत काय होऊ शकतं ते अमेरिकेतल्या पश्चिम कोलोराडोत दिसलं. १९७८ ते १९८० दरम्यान एका कायरोप्रॅक्टिक (हाताने मणका-सांधे बसवण्याच्या उपचाराच्या) क्लिनिकमध्ये अशी धुलाई करून घेतलेल्या किमान ३६ जणांना अमीबाची लागण झाली. दहा जणांचं आतडं काढावं लागलं, त्यातले सहा दगावले.

तरीही जाणारच असाल तर नळी एकदाच वापरायची आहे का, ती तुमच्यासमोर फोडतात का, हे पाहा. गरोदरपण, आतड्याची अलीकडची शस्त्रक्रिया, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (दोन्ही आतड्याच्या सुजेचे आजार), मोठी मूळव्याध, हृदय वा मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काही असेल तर नकोच. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल तर धुलाईत आठवडे घालवू नका, पोटाच्या डॉक्टरांकडे जा. आणि कुठल्याही पद्धतीनंतर पोटात जोराची कळ, ताप, रक्तस्राव किंवा भोवळ आली, तर केंद्राला फोन न करता थेट रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.