ब्लू लायस खडकातील जीवाश्म कसे शोधावेत

इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर, लाइम रेजिस गावाजवळच्या कड्यांत, निळसर करड्या चुनखडकाचे आणि काळपट शेलचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाचे) थर आलटून पालटून रचलेले दिसतात. हाच ब्लू लायस. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळ सरून ज्युरासिक सुरू होत असताना, समुद्रतळावर साचलेल्या गाळाचा हा खडक झाला. त्यामुळे डायनोसॉरच्या आशेने आलेल्याची येथे बहुधा निराशाच होते.

हिवाळ्यातील वादळानंतरचे दिवस शोधासाठी सर्वांत चांगले, कारण तेव्हा लाटांनी दरडी फोडून नवा माल किनाऱ्यावर पसरवलेला असतो. वेळापत्रक पाहून ओहोटी लागल्यावर निघावे आणि भरतीपूर्वी परतावे. कड्याच्या पायथ्याशी थांबू नये, तेथे दगड केव्हाही कोसळतात. कड्यावर हातोडा चालवण्यास जीवाश्म गोळा करण्याच्या स्थानिक संहितेचीही मनाई आहे, आणि खरे तर त्याची गरजही नसते. खोदकाम समुद्रच करतो.

नजर सुट्या गोट्यांवर ठेवावी आणि रंगापेक्षा आकार पाहावा. शाळिग्रामातील चक्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अमोनाइटची, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी सागरी प्राण्याची, वेटोळी लगेच ओळखू येतील, कारण ते चक्रही अमोनाइटचेच असते. बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता दगड म्हणजे बेलेम्नाइट, माकुळासारख्या नामशेष प्राण्याचा अवशेष, तर बाकदार जाड शिंपला म्हणजे ग्रायफिया, ज्याला तेथील लोक सैतानाचे नख म्हणतात. कॅरमच्या सोंगटीसारखी, पण दोन्ही बाजूंनी खोलगट अशी काळी चकती मिळाली, तर तो इक्थिओसॉरचा मणका असण्याची शक्यता असते. लाइम रेजिसची जीवाश्म-संग्राहक मेरी ॲनिंग आणि तिचा भाऊ जोसेफ यांनी १८११-१२ मध्ये या सागरी सरीसृपाचा सांगाडा येथेच शोधला होता.

गावाच्या पश्चिमेस मॉनमथ बीचवर ओहोटीला मोठमोठ्या अमोनाइटांनी भरलेली चुनखडकाची फरशी उघडी पडते. ती केवळ पाहावी, तिला हात लावू नये. मोठा किंवा दुर्मीळ नमुना मिळाल्यास चारमथ येथील हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये त्याची नोंद करावी. घरी आणलेल्या प्रत्येक नमुन्यासोबत जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. सोनेरी झाक असलेले पायराइटचे (लोह व गंधकाच्या खनिजाचे) अमोनाइट मात्र गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून कोरड्या डबीत ठेवावेत, कारण दमट हवेत पायराइट कुजते आणि नमुन्याची पूड होते.