आयरिश फुटबॉल क्लबच्या मालकीबदलाचा प्रस्ताव कसा तपासावा

लीग ऑफ आयर्लंड या तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल साखळीतले क्लब कित्येक दशके स्थानिक व्यापारी आणि समर्थक यांच्या पैशावर चालत आले. गेल्या आठ-दहा वर्षांत मात्र अमेरिका, इंग्लंड आणि तुर्कस्तान येथून आलेल्या गुंतवणूकदारांनी त्यांतले अनेक क्लब पूर्णतः किंवा अंशतः ताब्यात घेतले, आणि काहींनी तितक्याच लवकर सोडूनही दिले. ज्या क्लबांची मालकी सभासदांकडे असते, तिथे असा प्रस्ताव अखेर सर्वसाधारण सभेत मतदानाला येतो. डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवे येथे स्थायिक झालेला एखादा मराठी माणूस अशा क्लबचा सभासद असेल, तर त्याच्या एका मतालाही इतर कोणाइतकेच वजन असते. ते मत देण्यापूर्वी काय पाहावे, कुठे पाहावे आणि कोणते प्रश्न लेखी विचारावेत, हे या लेखात मांडले आहे.

नवा गुंतवणूकदार किती पैसे आणणार, हा प्रश्न सभेत सर्वांत आधी विचारला जातो. तो निघून जाईल त्या दिवशी क्लबकडे काय शिल्लक असेल, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. डंडॉक या क्लबचा अलीकडचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. जानेवारी २०१८ मध्ये पीक सिक्स या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने हा क्लब घेतला. त्यानंतर २०१८ आणि २०१९ ची विजेतेपदे मिळाली, २०२० मध्ये युरोपा लीग या युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत इंग्लंडच्या आर्सेनलशी सामने झाले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ती संस्था बाहेर पडली. क्लब आधी स्थानिक गटाकडे गेला आणि २०२३ च्या अखेरीस पुन्हा नव्या मालकाकडे गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो बंद पडण्याच्या उंबरठ्यावर उभा होता. एका स्थानिक वकिलाने तो घेतला म्हणून वाचला, तरी त्याच हंगामात तो खालच्या विभागात घसरला. पुढच्या वर्षी तो विभाग जिंकून डंडॉक वर आला, हे त्या गावाच्या चिवटपणाचे श्रेय आहे.

घेणाऱ्याला काय हवे आहे

क्लब विकत घेण्याची किंमत आयर्लंडमध्ये बहुधा नाममात्र असते. खरा खर्च दरवर्षीचा तोटा भरून काढण्याचा असतो. देशांतर्गत विजेतेपदाचे बक्षीस लाख-सव्वा लाख युरोच्या घरात असताना, युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या कॉन्फरन्स लीग स्पर्धेच्या मुख्य फेरीत नुसता प्रवेश मिळाला तरी सुमारे ३१.७ लाख युरो मिळतात. शॅमरॉक रोव्हर्सने २०२४ मध्ये आणि शेलबर्नने २०२५ मध्ये ती फेरी गाठली. दुसरे आकर्षण तरुण खेळाडूंचे आहे. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, अठरा वर्षांखालील आयरिश खेळाडूला इंग्लंडमधल्या क्लबात जाता येत नाही. त्यामुळे पूर्वी पंधरा-सोळाव्या वर्षी निघून जाणारी मुले आता लीगमध्येच घडतात आणि त्यांच्या विक्रीचे पैसे आयरिश क्लबला मिळतात. सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिकचा तरुण खेळाडू मेसन मेलिया याचा इंग्लंडच्या टॉटनहॅमशी झालेला करार लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा ठरला, तो याच परिस्थितीमुळे.

म्हणून प्रस्ताव हाती आल्यावर गुंतवणूकदाराची अपेक्षित मिळकत यांपैकी कुठून येणार आहे, हे त्याच्याकडून स्पष्ट शब्दांत मागून घ्यावे. युरोपीय स्पर्धेच्या पैशावर बेतलेली योजना एका वाईट हंगामात कोसळते. खेळाडूविक्रीवर बेतलेल्या योजनेत प्रशिक्षणावर आधी अनेक वर्षे खर्च करावा लागतो. तीन वर्षांचे अंदाजपत्रक मागावे आणि त्यात युरोपातून येणारी रक्कम शून्य धरली तर आकडे कसे दिसतात, तेही विचारावे.

कागद कुठे पाहावेत

आधी आपल्या क्लबची कायदेशीर घडण समजून घ्यावी. बोहेमियनसारख्या क्लबात प्रत्येक सभासदाला एकच मत असते. आपल्याकडच्या सहकारी संस्थेची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सहज समजेल. काही ठिकाणी सभासदांची एक संस्था असते आणि तिच्या मालकीची वेगळी कंपनी क्लब चालवते. विक्री नेमकी कशाची होत आहे, म्हणजे कंपनीच्या समभागांची की फक्त नाव, खेळाडूंचे करार आणि मालमत्ता यांची, हे ठरावाच्या मसुद्यातून कळले पाहिजे. लीगमध्ये खेळण्याचा परवाना एफएआय ही राष्ट्रीय संघटना विशिष्ट कायदेशीर संस्थेच्या नावे देते, त्यामुळे संस्था बदलली तर परवान्याचे काय होणार, याचे लेखी उत्तर आवश्यक आहे.

आयर्लंडमधल्या प्रत्येक कंपनीचे वार्षिक विवरण, ताळेबंद, संचालकांची नावे आणि मालमत्तेवरील तारण यांची नोंद कंपनीज रजिस्ट्रेशन ऑफिसकडे असते आणि नाममात्र शुल्क भरून ती कोणालाही पाहता येते. येथे एक अडचण लक्षात ठेवावी: छोट्या कंपन्यांना संक्षिप्त हिशेब सादर करण्याची मुभा असल्याने त्यांत ताळेबंद असतो, पण नफा-तोटा पत्रक नसते. अशा वेळी लागोपाठ दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवावेत. संचित तोटा किती वाढला आणि एका वर्षात परत करावयाच्या देण्यांचा आकडा कुठे गेला, हे पाहिले की क्लबच्या प्रकृतीचा बराचसा अंदाज येतो. कंपनीत पंचवीस टक्क्यांहून अधिक हिस्सा वा नियंत्रण असणाऱ्या व्यक्तींची वेगळी नोंदवही २०१९ पासून आहे, पण २०२२ च्या अखेरीस युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर सर्वसामान्यांना ती पूर्वीसारखी खुली राहिलेली नाही. म्हणून खरा पैसा कोणाचा आहे, हे प्रस्ताव मांडणाऱ्या संचालक मंडळाकडूनच वदवून घ्यावे लागते. घेणारी कंपनी आयर्लंडबाहेर नोंदलेली असेल, तर त्या देशातली तिची कागदपत्रे मंडळाने सभासदांसमोर ठेवावीत, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

टक्केवारीचा अर्थ

आयरिश कंपनी कायद्यानुसार कंपनीच्या घटनेत दुरुस्ती करण्यासारख्या मोठ्या ठरावाला किमान पंचाहत्तर टक्के मते लागतात, तर संचालक नेमणे वा काढणे साध्या बहुमताने होते. त्यामुळे हिस्सा पन्नास टक्क्यांखाली गेला की सभासद रोजचे नियंत्रण गमावतात. हिस्सा पंचवीस टक्क्यांपेक्षा थोडा जरी अधिक राहिला, तरी मोठे बदल अडवण्याची ताकद त्यांच्याकडे टिकते. बरोबर पंचवीस टक्के असतील तर ती टिकत नाही, कारण उरलेले पंचाहत्तर टक्के ठराव संमत करायला पुरतात. करारात पंचवीस हा गोल आकडा दिसला, तर तो सव्वीस करून मागावा.

शॅमरॉक रोव्हर्सची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. २००५ मध्ये तो क्लब देणेकऱ्यांपासून न्यायालयीन संरक्षणाखाली गेला असता समर्थकांनी वाचवला आणि बरीच वर्षे तो पूर्णपणे सभासदांचाच होता. पुढे रे विल्सन यांनी आणि २०१९ च्या अखेरीस डर्मट डेस्मंड यांनी, म्हणजे दोन उद्योजकांनी, गुंतवणूक केली, आणि सभासदांकडे पन्नास टक्के, या दोघांकडे प्रत्येकी पंचवीस टक्के अशी वाटणी झाली. सभासदांच्या संमतीविना तिथे काही होऊ शकत नाही, आणि सभासदांनाही एकट्याने काही रेटता येत नाही. बाहेरचा पैसा आणि सभासदांचा हक्क एकत्र नांदू शकतात, याचा मला दिसणारा हा सर्वांत चांगला दाखला आहे.

पैसा कोणत्या स्वरूपात येतो, हे टक्केवारीइतकेच महत्त्वाचे आहे. समभागांच्या मोबदल्यात आलेली रक्कम क्लबची होते. कर्ज म्हणून आलेली रक्कम गुंतवणूकदार जाताना परत मागू शकतो. "पाच वर्षांत इतके लाख युरो" असे वाक्य प्रस्तावात असेल, तर त्यातले भांडवल किती, कर्ज किती, व्याज किती आणि तारण कशाचे, असे चार प्रश्न विचारावेत. मालक गेल्यास कर्जाचे समभागांत रूपांतर होईल किंवा ते माफ होईल, अशी अट करारात आधीच घालून घेता येते. सही झाल्यावर मात्र ती कोणीही देत नाही.

मैदान

मैदान कोणाचे आहे, हे तपासायला फार वेळ लागत नाही. डॅलिमाउंट पार्क २०१५ पासून डब्लिन महापालिकेच्या मालकीचे आहे, टॅला स्टेडियम साउथ डब्लिन काउंटी कौन्सिलचे आहे, तर कॉर्क सिटी ज्या टर्नर्स क्रॉसवर खेळतो ते मन्स्टर फुटबॉल असोसिएशनचे. जमीन क्लबच्या नावे नसेल तर ती विकली जाण्याची भीती नसते. भाडेपट्ट्याची मुदत तेवढी पाहावी. जमीन क्लबच्या नावे असेल, तर ती या व्यवहारातून पूर्णपणे बाहेर ठेवावी आणि वेगळ्या न्यासाकडे सोपवावी. १९८७ मध्ये शॅमरॉक रोव्हर्सच्या तेव्हाच्या मालकांनी मिलटाउन येथील ग्लेनमालूर पार्क सोडण्याचा निर्णय घेतला, समर्थकांच्या तीव्र विरोधाला न जुमानता ती जागा घरबांधणीसाठी गेली, आणि त्या क्लबला टॅला स्टेडियमचे कायमचे घर मिळायला २००९ साल उजाडले. इतकी वर्षे भाड्याच्या मैदानांवर फिरताना त्या समर्थकांनी जे सोसले, ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये.

एकाच मालकाचे अनेक क्लब

हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा, कारण येथे चूक झाली तर मैदानावर मिळवलेले यशही हातून जाते. ड्रॉहेडा युनायटेड २०२३ च्या अखेरीस सभासदांच्या संमतीने ट्रिव्हेला या अमेरिकी गटाकडे गेला. इंग्लंडमधला वॉल्सॉल क्लब त्या गटाकडे आधीपासून होता, आणि पुढे डेन्मार्कचा सिल्केबोर्गही आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ड्रॉहेडाने डेरी सिटीला २-० असे हरवून एफएआय चषक जिंकला आणि कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीत जागा मिळवली. पण त्याच स्पर्धेसाठी सिल्केबोर्गही पात्र ठरला. एका व्यक्तीचे किंवा गटाचे निर्णायक नियंत्रण असलेले दोन क्लब एकाच युरोपीय स्पर्धेत खेळू शकत नाहीत, असा युएफाचा नियम आहे, आणि मालकीची रचना १ मार्च २०२५ पर्यंत बदललेली असणे आवश्यक होते. ती बदलली गेली नाही. युएफाने ड्रॉहेडाला वगळले, आणि जून २०२५ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने क्लबचे अपील फेटाळले. खेळाडूंनी जिंकलेली जागा एका तारखेमुळे गेली, याचे दुःख त्या गावाला बराच काळ राहील.

यातून कराराच्या मसुद्यात घालण्याजोगी तीन कलमे निघतात. गुंतवणूकदाराकडे आज असलेल्या आणि पुढे घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक क्लबातील हिस्सा त्याने लेखी कळवावा. युरोपीय पात्रतेचा प्रश्न उद्भवल्यास समभाग स्वतंत्र विश्वस्तांच्या न्यासाकडे (ब्लाइंड ट्रस्ट) देण्याची किंवा हिस्सा घटवण्याची कारवाई युएफाच्या मुदतीपूर्वी पूर्ण करण्याची जबाबदारी त्याची असावी. ती पार न पडल्यास बुडालेल्या रकमेची भरपाई त्याने क्लबला करावी. याखेरीज आपला क्लब त्या गटाच्या उतरंडीत कुठे आहे, चांगला खेळाडू गटातल्याच मोठ्या क्लबकडे कोणत्या किमतीला जाईल आणि ती किंमत कोण ठरवेल, हेही विचारावे.

बाहेर पडण्याच्या अटी

कॉर्क सिटीने या बाबतीत जवळजवळ सर्व प्रकार पाहिले आहेत. अर्कागा नावाच्या गुंतवणूक निधीने २००८ मध्ये हात काढून घेतल्यावर क्लब न्यायालयीन संरक्षणात गेला, नवा मालक आला, आणि २०१० मध्ये ती कंपनीच बंद झाली. फोरास या समर्थकांच्या संस्थेने खालच्या विभागातून नव्याने सुरुवात केली आणि २०१७ मध्ये लीग व चषक दोन्ही जिंकले. २०२० मध्ये सभासदांनी इंग्लंडमधल्या प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबच्या मालकाशी संबंधित कंपनीला क्लब विकण्याच्या बाजूने मत दिले, पण तो व्यवहार पूर्णच झाला नाही. शेवटी २०२२ च्या अखेरीस सभासदांनी तो डर्मट अशर या आयरिश उद्योजकाकडे सोपवला. मतदान झाले म्हणजे व्यवहार झाला असे नसते, हे यातून कळते. मतदान आणि प्रत्यक्ष हस्तांतरण यांमधल्या काळात पगार कोण देणार, हे ठरावात लिहिलेले असावे.

इंग्लंडमधल्या हल सिटी क्लबचे तुर्की मालक आजुन इलिजाली यांनी २०२३ मध्ये शेलबर्न घेतला आणि वर्षभराच्या आतच ते बाहेर पडले. स्थानिक गट पुढे आला आणि प्रशिक्षक डेमियन डफ यांच्या संघाने २०२४ चे विजेतेपद मिळवले. शेलबर्नला घेणारा लगेच मिळाला, डंडॉकला तो अगदी शेवटच्या क्षणी मिळाला. करारात काही लिहिलेले नसेल तर एवढाच नशिबाचा फरक उरतो. म्हणून गुंतवणूकदाराला विकायचे असेल तेव्हा पहिला हक्क सभासदांच्या संस्थेचा असावा आणि किंमत मूळ व्यवहाराच्या सूत्रानेच ठरावी. किमान सहा महिन्यांची पूर्वसूचना आणि त्या काळातील खर्चाची बँक हमीही मागावी. क्लबचे नाव, रंग, बोधचिन्ह आणि गाव बदलण्यावर सभासदांचा नकाराधिकार कायम ठेवावा, आणि त्यासाठी सभासदांची संस्था विक्रीनंतरही मोडू नये.

सभेच्या आधी प्रश्न ईमेलने पाठवावेत आणि उत्तरे सर्व सभासदांना मिळावीत असा आग्रह धरावा. संपूर्ण करार गोपनीय असल्याचे सांगण्यात आले, तर सभासदांच्या वतीने एखाद्या स्वतंत्र वकिलाने तो वाचून लेखी अभिप्राय द्यावा, अशी सूचना मांडावी. तीही फेटाळली गेली, तर विरोधात मत देण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. ठराव संमत झाल्यास पुढची दोन-तीन वर्षे कंपनीज रजिस्ट्रेशन ऑफिसमधील नोंदी दर काही महिन्यांनी पाहाव्यात. नवे तारण नोंदले जाणे, वार्षिक विवरणाला उशीर होणे किंवा संचालकांनी एकामागोमाग राजीनामे देणे, यांपैकी काहीही दिसले तर सभासदांच्या संस्थेने विशेष सभा बोलावून मालकाकडे त्याच आठवड्यात खुलासा मागावा.