ओंडक्यापासून चौकोनी तुळई : कुऱ्हाड आणि वाकसाने लाकूड तासण्याची पद्धत

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात गेलात, तर तुळईवर बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने, तिरका टाकून पाहा. करवतीच्या लाकडावर असतात तशा समांतर रेघा तिथे दिसणार नाहीत. एकापुढे एक सरकत गेलेले किंचित खोलगट पैलू दिसतील आणि अधूनमधून एखादी आडवी चीर राहून गेलेली दिसेल. पैलू वाकसाचे, म्हणजे दांड्याला आडवे पाते असलेल्या तासायच्या हत्याराचे असतात, चीर कुऱ्हाडीची. गोल ओंडका चौकोनी कसा केला, हे त्या दोन खुणांवरून वाचता येते. बलुतेदारीतला गावचा सुतार हे काम वर्षानुवर्षे करत आला. आज जुना वाडा दुरुस्त करताना एखादा खांब किंवा तुळई बदलायची असेल, तर ही पद्धत माहीत असणे फार उपयोगाचे आहे.

कुऱ्हाडीचा इतिहास थोडक्यात सांगायचा, तर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जोर्वे येथील उत्खननात ताम्रपाषाण काळातील तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी सापडल्या. त्यांना दांड्यासाठी भोक नव्हते, त्यामुळे पाते दांड्याला बांधूनच वापरावे लागे. लोखंड आल्यावर कालांतराने भोक पाडलेले पाते आणि त्यात पाचर ठोकून घट्ट केलेला दांडा ही रचना रूढ झाली. लाकूडकामाची जुनी परंपरा मराठवाड्यात दगडातही उमटलेली आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, कारण त्याच्या कमानदार छताला लाकडी फासळ्यांसारख्या फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत. युरोपात चौकोनी तासणीसाठी रुंद पात्याची, एकाच बाजूने धार काढलेली कुऱ्हाड वापरली जाई. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे छत एप्रिल २०१९ मध्ये जळाल्यावर नव्या छताच्या ओक तुळया पुन्हा अशाच कुऱ्हाडींनी हाताने तासल्या गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च खुले झाले.

आपल्याकडच्या कुऱ्हाडीची धार पात्याच्या दोन्ही अंगांनी काढलेली असते. ती तोडायला आणि फोडायला उत्तम, पण सपाट पृष्ठभाग काढायला कमी पडते, आणि ती उणीव वाकस भरून काढतो. म्हणून रुंद कुऱ्हाड मिळवण्याच्या खटपटीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक चांगली कुऱ्हाड आणि एक वाकस लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून धार काढून) व पाणी देऊन (तापलेले पाते पाण्यात बुडवून कडक करून) आणावेत आणि कामाच्या वेळी निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, वरचेवर पाजळावेत. बोथट पाते लाकडात न शिरता घसरते आणि पायावर येते, त्यामुळे धारेचा प्रश्न हा आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दांडा हलत असेल तर काम सुरूच करू नये.

लाकूड निवडताना बाभूळ किंवा कडुनिंबाचा सरळ ओंडका पाहावा. सालीवरच्या भेगा खोडाभोवती पिळासारख्या फिरत असतील, तर आतले धागेही तसेच फिरलेले असतात आणि तो ओंडका तासताना सतत त्रास देतो. ओले लाकूड तासायला सोपे जाते. वाळलेली बाभूळ धार खाते. मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ओल्या ओंडक्याची टोके भराभर तडकतात, म्हणून तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना शेण-मातीचा जाड लेप द्यावा आणि ओंडका सावलीत ठेवावा. झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी साग, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत आणि ती तोडण्यास परवानगी लागते. इतर झाडांबाबतही आधी चौकशी करावी.

आता ओंडका दोन आडव्या लाकडांवर, गुडघ्याच्या उंचीला, खाच करून बसवावा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकून असा पक्का करावा की घाव बसल्यावर तो तसूभरही फिरणार नाही.

यानंतरची पायरी म्हणजे आखणी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या कामाचा निकाल इथेच लागतो. ओंडक्याच्या एका टोकावर, गाभ्यातून जाणारी उभी रेघ ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावून काढावी. मग ओंडका न हलवता दुसऱ्या टोकावरही ओळंब्यानेच तशी रेघ काढावी. दोन्ही रेघा ओळंब्याच्या असल्यामुळे त्या एकमेकींना समांतर राहतात आणि तुळईला पीळ पडत नाही. या रेघेच्या आधारे, गुण्या (काटकोन पाहायचे साधन) लावून, दोन्ही टोकांवर एकाच मापाचा चौकोन काढावा. ओंडक्याच्या व्यासाला ०.७ ने गुणले की पूर्ण कोपऱ्यांच्या चौकोनाची बाजू मिळते. १२ इंच व्यासाच्या ओंडक्यातून सुमारे साडेआठ इंचांची तुळई निघते. व्यास बारीक टोकाचा धरावा. नंतर जिथे रेघ उमटवायची तिथली साल पट्टीसारखी सोलून, काव (तांबडी माती) कालवलेल्या पाण्यात भिजवलेली दोरी दोन्ही टोकांच्या खुणांवर ताणून धरावी, मध्यावर चिमटीत उचलून सोडावी. दोरी उचलताना ती सरळ वर, ओळंब्याच्या दिशेनेच उचलली पाहिजे. पृष्ठभाग गोल असल्याने दोरी थोडी जरी बाजूला ओढली गेली, तरी रेघ वाकडी उमटते, आणि ती वाकडी आहे हे बाजू तासून झाल्यावरच कळते.

मग कुऱ्हाड हाती घ्यावी. साधारण फुटाफुटाच्या अंतरावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचा पाडत जावे. प्रत्येक खाचेचा तळ रेघेच्या अलीकडे दोऱ्याइतका थांबला पाहिजे. वरची कड रेघेला धरून असली तरी खालच्या बाजूला घाव आत जाण्याची सवय हाताला असते, म्हणून प्रत्येक खाचेत ओळंबा सोडून पाहावा. खाचा झाल्यावर त्यांच्यामधला भाग धाग्यांच्या दिशेने घाव घालून उडवावा. मोठे ढलपे सुटे होतात आणि बाजूचा ओबडधोबड सपाट आकार दिसू लागतो. खाचा न पाडता सरळ ढलपे काढायला गेले, तर फाट धाग्यांच्या मागे धावत रेघेच्या आत शिरते आणि तिथे गेलेले लाकूड परत मिळत नाही. खाच असली की फाट तिथे येऊन थांबते. यानंतर चार-चार बोटांवर हलके आडवे घाव घालून उरलेला थर त्याच रीतीने रेघेपर्यंत आणावा. जुन्या तुळयांवर राहिलेल्या चिरा याच घावांपैकी जरा खोल गेलेल्या घावांच्या असतात.

उभे राहताना तोंड ओंडक्याच्या लांबीकडे असावे आणि कुऱ्हाड चुकली तर जिथे जाईल त्या वाटेत पाय नसावा. पुढचे टोक जाड असलेले बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. जुने सुतार अनवाणी काम करत, पण त्यांचा हात लहानपणापासून बसलेला असे. घाव घालताना धागे आत वळत आहेत असे दिसले, तर लगेच उलट दिशेने तासावे. गाठीपाशी दोन्ही बाजूंनी छोटे घाव घ्यावेत.

समोरासमोरच्या दोन बाजू झाल्या की ओंडका पाव फेरा फिरवून, टोकांवरचा चौकोन पुन्हा ओळंब्यात आणून उरलेल्या दोन बाजू तशाच काढाव्यात. पीळ तपासण्यासाठी सारख्या मापाच्या दोन सरळ पट्ट्या दोन्ही टोकांवर आडव्या ठेवून एका टोकाकडून पाहावे. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा जुळल्या तर तुळई सरळ आहे.

चारही बाजू कुऱ्हाडीने काढून झाल्या की वाकस घ्यावा. तो चालवताना मनगट ढिले ठेवून, लहान आणि सारख्या अंतराचे घाव घालत मागे सरकावे. पाते लाकडाला जवळजवळ समांतर उतरले, तर पातळ, वळलेली ढलपी निघते आणि खाली गुळगुळीत पैलू राहतो. पाते उभे उतरले तर ते रुतते. हा कोन सांगून कळत नाही, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा. पैलू रंध्याने घालवायची काही गरज नाही.

तयार तुळई उन्हात न ठेवता, खाली ठोकळे देऊन, हवेशीर सावलीत वाळू द्यावी. गाभा आतच असल्याने वाळताना लांबीच्या दिशेने काही भेगा पडतील. त्यांनी सहसा ताकद कमी होत नाही. वाळल्यावर जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नये, कारण जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. तासलेले लाकूड खांब म्हणून वापरायचे असेल, तर ते जमिनीत न पुरता तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभे करावे, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्हींपासून त्याचे बूड दूर राहते.